सूर्यास्तापूर्वीचा घास

बार्शीच्या एका भुसार व्यापारी कुटुंबात फाल्गुनापासून एकच चर्चा चालू होती. मोकळे हिंडणारे हत्ती पाहावेत ही मातोश्रींची अनेक वर्षांची इच्छा. साखळीने बांधलेला हत्ती दारावर आला की त्या मुठीने गूळ देत, पण त्याच्या पायांकडे पाहत नसत. मुलांनी दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यान निश्चित केले. नातवाची शाळा जूनच्या मध्याला उघडणार आणि चातुर्मास लागल्यावर मातोश्री गाव सोडीत नाहीत. तेव्हा जूनचा पहिला आठवडा ठरला. वाद उरला तो जावे कसे, एवढ्याचाच.

धाकट्या बंधूंचे म्हणणे असे की, जोहान्सबर्गला मोटार भाड्याने घ्यावी आणि आपली आपण चालवीत जावे. अंतर चारशे-साडेचारशे किलोमीटर, रस्ते उत्तम, वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. उद्यानाच्या आत विश्रामछावण्या आहेत. तेथील कित्येक कुटींना स्वयंपाकाची जागा आणि फ्रीज असतो. मोठ्या छावण्यांत पेट्रोलही मिळते. थोरल्या बंधूंनी मात्र उद्यानाच्या पश्चिमेला लागून असलेल्या साबी सँड या खाजगी अभयारण्यातील एक निवास हेरून ठेवला होता. तेथे उघडी जीप, अनुभवी मार्गदर्शक, पुढच्या दिव्याजवळच्या आसनावर बसून पावलांचे ठसे वाचणारा वाटाड्या आणि हात जोडून उभा असलेला नोकरवर्ग. एका रात्रीचा माणशी आकार छावणीतील कुटीच्या दहापटीहून अधिक.

थोरले बंधू उधळे मुळीच नव्हेत. पेढीवर सुतळीचा तुकडाही ते जपून ठेवतात. त्यांचा मुद्दा वेगळा होता. “आई एकाहत्तर वर्षांची. उद्या हत्ती समोर उभा राहिला तर गाडी पुढे घ्यायची की मागे, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे?” या प्रश्नाला धाकट्यांकडे उत्तर नव्हते. त्यांनी वही उघडून एवढेच दाखविले की क्रुगर आणि साबी सँड यांच्यामधील कुंपण १९९३ साली काढून टाकले आहे. तेव्हापासून जनावरे तीच, इकडून तिकडे जाणारी. मग दहापट कशासाठी?

खरी अडचण मात्र पैशाची नव्हती आणि हत्तीचीही नव्हती. मातोश्रींना चाळीस वर्षांचा चौविहार आहे. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही. जूनमध्ये त्या प्रदेशात हिवाळा असतो. गवत वाळून खाली बसलेले असते, जनावरे पाणवठ्यावर गोळा होतात, म्हणून पाहणाऱ्यांना तो काळ उत्तम. पण सूर्य सव्वापाचच्या आतच मावळतो. अशा निवासांतील दिनक्रम याच्या नेमका उलटा असतो. पहाटे अंधारात कॉफी, दुपारी तीन-साडेतीनला फेरी, मावळतीला रानात थांबून पेयपान, आणि आठच्या सुमारास शेकोटीभोवती जेवण. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी पाहुणा पैसे मोजतो, त्या दोन्ही चौविहार करणाऱ्याच्या वाट्याला यायच्या नाहीत.

मातोश्रींनी आणखी एक चौकशी करायला सांगितली: ज्या पैशाने आपण राहणार, तो शिकारीच्या व्यवहारात मिसळलेला आहे का? क्रुगरच्या लगतच्या काही खाजगी क्षेत्रांत परवान्याने शिकार चालते आणि त्या उत्पन्नातून राखणदारीचा खर्च भागवितात. केनियाने शिकारीवर १९७७ मध्येच बंदी घातली. बोट्स्वानाने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०१९ मध्ये उठविली. धाकट्यांनी हे सारे वाचून दाखविले. निवासाने आपल्या क्षेत्रात शिकार होत नसल्याचे लेखी कळविल्यावरच थोरल्यांनी पैसे पाठविले. व्यापारी माणसाने माल कोठून आला हे विचारणे यात नवल नाही, परंतु सहलीच्या बाबतीत ते फारसे कोणी विचारीत नाही.

अखेर दोन रात्री निवासात आणि पुढच्या चार उद्यानात, असे ठरले. मध्यम मार्ग पुष्कळदा दोन्हीकडचे दोष पदरात टाकतो, पण भावाभावांत तोच चालतो.

निवासातील आचारी मोठा सालस गृहस्थ निघाला. कांदा, लसूण, बटाटा नको हे त्याने लिहून घेतले होते. पण मांस सोडणारा माणूस बटाटा का सोडतो, हे त्याला उमगेना. कंद उपटला की सबंध झाडच जाते आणि मातीतील जीव मरतात, हे मातोश्रींनी नातवाकरवी त्याला समजाविले. तो जरा वेळ उभा राहिला आणि भोपळा व पनीर घेऊन आत गेला. दुपारच्या फेरीला तो त्यांच्यासाठी वेगळा डबा बांधून देऊ लागला.

पहिल्याच संध्याकाळी दहा पावलांवर बिबट्या दिसला. मार्गदर्शकाने वाट सोडून झुडपांतून जीप नेली होती. उद्यानात पर्यटकांना अशी मोकळीक नाही. हत्तीच्या कानशिलावरून ओघळणारा ओला पट्टा दाखवून तो म्हणाला, असा नर दिसला तर त्याला वाट द्यावी, वाद घालू नये. त्या अवस्थेसाठी त्याने वापरलेला इंग्रजी शब्द आपल्याकडच्या ‘मस्त’वरूनच गेलेला आहे, हे ऐकून सारे हसले.

दुसऱ्या दिवशी जीपमधील वायरलेसवर निरोप आला आणि गाडी वेगाने वळली. सिंहांनी एक रेडकू धरले होते. ते अजून जिवंत होते. जीपमध्ये आणखी चार परदेशी पाहुणे होते आणि ते याच दृश्याची वाट पाहत आले होते. मातोश्रींनी हळूच विचारले, “गाडी मागे घेता येईल का?” मार्गदर्शकाने अदबीने असमर्थता दाखविली. वीस मिनिटे मातोश्री डोळे मिटून बोटांच्या पेरांवर नवकार मोजत होत्या. दोष कोणाचाच नव्हता. अधिक आकार भरल्यास कुटुंबापुरती स्वतंत्र जीप मिळते, हे रात्री समजले. ज्यांना असा निवास घ्यायचा असेल, त्यांनी खोलीपेक्षा ती जीप आधी मागावी. निघून जाण्याचा अधिकार तेथे त्याच पैशात मिळतो.

नातवाने रात्री विचारले, “आजी, सिंहाला पाप लागते का?”

“कर्म कोणाला चुकत नाही. पण त्याच्यापुढे दुसरे पान वाढलेलेच नाही. आपल्यापुढे आहे,” एवढे बोलून त्यांनी दिवा मालवला.

तिसऱ्या दिवसापासून मोटार धाकट्यांच्या हाती आली. पक्क्या रस्त्यावर ताशी पन्नास, कच्च्यावर चाळीस. ठरलेल्या जागांखेरीज खाली उतरायचे नाही. आणि जूनमध्ये साडेपाचच्या आत छावणीच्या फाटकातून आत आलेच पाहिजे. फोर्ड्सबर्गच्या भारतीय दुकानांतून घेतलेली डाळ, तांदूळ, पीठ बरोबर होते. तवा आणि पातेली बार्शीहून आणली होती, कारण कुटीतील भांड्यांत काय शिजले असेल सांगता येत नाही. अंधार पडताच शेजारच्या अंगणांतून मांस भाजल्याचा धूर येई. दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागत. स्वस्त मार्गाची ही किंमत कोणत्याही पत्रकात छापलेली नसते.

जनावरेही आता बोलावल्यासारखी येत नव्हती. स्कुकुझाहून लोअर साबीकडे नदीकाठाने जाणाऱ्या रस्त्यावर वीसेक मोटारी खोळंबल्या होत्या. अर्ध्या तासाने पुढे सरकल्यावर झाडावरून लोंबणारे बिबट्याचे शेपूट तेवढे दिसले. दुसऱ्या सकाळी एका कच्च्या रस्त्याच्या वळणावर एकटा नर हत्ती उभा होता. कानशिले ओली. धाकट्यांनी न बोलता गाडी उलटी घेतली, पाऊण फर्लांग तशीच मागे नेली आणि मग श्वास सोडला. निवासाच्या दोन रात्री महाग पडल्या, अशी भाषा त्यानंतर त्यांनी केली नाही.

नातवाने आपले एक वेगळेच टिपण चालविले होते. सिंह, हत्ती, गेंडा, रानरेडा आणि बिबट्या ही ‘पाच मोठ्यांची’ यादी सर्वांच्या तोंडी असते. पायी गाठून मारायला कठीण म्हणून ती शिकाऱ्यांनी केली होती. त्याने वहीत तीर्थंकरांची लांछने लिहून काढली. महावीरस्वामींचा सिंह, अजितनाथांचा हत्ती, श्रेयांसनाथांचा गेंडा, वासुपूज्यांचा महिष. शिकाऱ्यांच्या पाचांपैकी चार त्यात निघाले. शांतिनाथांचे हरिण म्हणून त्याने इंपाला धरून घेतला. आजीने हरकत घेतली नाही.

शेवटच्या दिवशी लोअर साबी छावणीलगतच्या सनसेट डॅम या तळ्याकाठी त्यांनी पावणेपाचला मोटार उभी केली. माकडांच्या भीतीने काचा वर केल्या. मातोश्रींनी डब्यातील खिचडी आणि दोन थेपले खाल्ले, पाणी प्यायले, हात जोडून पच्चक्खाण घेतले. पाण्यात पाणघोड्यांच्या पाठी खडकांसारख्या दिसत होत्या. पलीकडच्या काठाने सात-आठ हत्ती उतरले. पिल्लू आईच्या पायांमधून पुढे येऊन सोंडेने पाणी उडवू लागले. मातोश्री काचेला हात टेकवून पाहत राहिल्या.

“सुविधिनाथ!” नातू ओरडला. वाळूत पडलेल्या मगरीपुढे त्याने वहीत खूण केली.

थोरल्यांनी घड्याळ पाहिले. पाच वाजून दहा मिनिटे झाली होती.

“दादा, निघू या का?” धाकट्यांनी किल्लीला हात घातला.

“फाटक जवळच आहे ना? थांब थोडा.”