बॅगेतली सुरी

ऑगस्टमध्ये आमच्या घरातली भाजी चिरायची सुरी हरवली. आईने दोन दिवस शोधली, कचऱ्याची बादलीसुद्धा उपडी करून बघितली. मग मला विचारलं, “काय गे, लाल मुठीची सुरी बघितलीस काय?” मी नाही म्हणाले. सुरी माझ्या बॅगेत होती. जुन्या मोज्यात गुंडाळलेली, भाषाविज्ञानाच्या वहीखाली.

कारण साधं होतं. लायब्ररीतून निघायला साडेसहा वाजायचे. कॅम्पातून बसस्टॉपकडे येताना मोठ्या झाडांखालचा एक पट्टा लागतो, तिथे दिवे कमी. एक माणूस मोटरसायकल हळू करून माझ्या बरोबरीने यायचा. पहिल्या दिवशी योगायोग वाटला, चौथ्या दिवशी नाही. एकदा त्याने नाव विचारलं. मी “मागे येऊ नका” म्हटलं, तरी तो येतच राहिला. नको म्हटल्यावरही पुन्हापुन्हा पाठलाग करून ओळख वाढवू पाहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. सुरी घेणं सोपं वाटलं.

नंतर मी कायदा वाचला तोही सुरीचाच. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे आणि घरकामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. मी पट्टी लावली. साडेचार इंच. हायसं वाटलं. पण पुढे स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल वाचलं. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. लागेल तेवढी म्हणजे किती? अंधारात, घाबरलेल्या हाताने ते कसं मोजायचं? त्यासाठी पट्टी नाही.

मराठीत सुरी स्वयंपाकघरातली आणि सुरा मारामारीतला. वस्तू तीच असली तरी कुठे ठेवली यावर तिचं नाव बदलतं.

एका संध्याकाळी मोटरसायकल अगदी जवळ येऊन थांबली. मी बॅगेत हात घातला. डबा, छत्री, बाटली, वह्या... सुरी सापडेचना. तेवढ्यात समोरून टेम्पो आला आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी सुरी बाहेरच्या कप्प्यात ठेवली, मोज्याशिवाय.

त्यानंतर आठवड्याभरात मागून कुणीतरी धावत आलं. या वेळी मूठ लगेच हाताला लागली. मी वळले. “ताई, तुमचं आयकार्ड पडलं.” ज्युनिअर कॉलेजचा मुलगा होता. मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. मी थँक्यू म्हणाले. हात बॅगेतून बाहेर काढायला मला वेळ लागला. त्याने ते बघितलं की नाही, मला माहीत नाही.

गुड फ्रायडेला चर्चमध्ये योहानाच्या शुभवर्तमानातलं दुःखसहनाचं वाचन होतं. पेत्र तलवार उपसतो, मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान कापतो, आणि येशू त्याला तलवार म्यानात घालायला सांगतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘माखाइरा’ हा शब्द आहे. आखूड तलवारीला तो चालतो आणि सुरीलाही चालतो. लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टीत मला या वेळी पुढचा भाग ऐकू आला. तोच पेत्र, त्याच रात्री, दारावरच्या एका दासीने साधा प्रश्न विचारल्यावर घाबरून खोटं बोलतो. हत्यार चालवलं होतं, पण धीर काही त्यातून आला नाही.

मीही आईशी खोटंच बोलले होते. घरी येऊन सुरी ओट्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

आई ओरडली नाही. म्हणाली, “मला आधी सांगायचं नाहीस?” उत्तर द्यायला गेले तेव्हा माझ्याच लक्षात आलं. सुरी बॅगेत आल्यापासून मी कुणालाही काहीही सांगितलं नव्हतं. मैत्रिणींना नाही, मॅडमना नाही. सोय झाली असं मीच ठरवून टाकलं होतं. थोड्या वेळाने आई म्हणाली, “मी नोकरीला जायची तेव्हा बसमध्ये बोटांत सेफ्टी पिन धरून उभी राहायची. तुझी मावशीपण. एकमेकींना कधी बोललो नाही बघ.”

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं. तिघींनी आपापले माणूस, आपापले रस्ते सांगितले. एकीच्या पर्समध्ये कटर निघाला. आम्ही मॅडमना भेटलो, गाडीचा नंबर लिहून ठेवला, 112 फोनमध्ये सेव्ह केला. स्टॉपजवळच्या चहावाल्या काकांनाही सांगून ठेवलं.

तो माणूस गायब झाला असं मी लिहिणार नाही. त्यानंतर दोनदा दिसला. दुसऱ्यांदा काका टपरीबाहेर येऊन उभे राहिले आणि तो न थांबता पुढे गेला. मला अजूनही भीती वाटते. ज्या मुलीला रोज एकटीनेच जावं लागतं, तिला बॅगेत काही ठेवू नकोस असं सांगायची माझी हिंमत नाही. एवढंच सांगेन, बॅगेत काहीही असो, कुणाला तरी सांगून ठेव.

सुरी आता टोमॅटो कापते. रोज साडेसहाला मेन गेटपाशी आम्ही पाच जणी असतो. कुणाला यायचं असेल तर या, दहा मिनिटं थांबतो.