पन्नास गोळ्या

गेल्या वर्षी लेकीकडे ह्यूस्टनला चार महिने राहून आले. काय काय पाहिलंस, असं सगळे विचारतात आणि मी नासाचं नाव सांगते. मनात मात्र राहिला आहे तो एका शनिवारचा पिस्तुलाचा वर्ग.

2019 साली क्राइस्टचर्चला जुम्याच्या नमाजाला आलेल्या 51 जणांचा जीव गेला. तेव्हापासून लेकीच्या मशिदीत दर जुम्याला काही जण आळीपाळीने दाराशी उभे राहतात. जावयांनीही नाव दिलं आणि पिस्तुलाचा परवाना काढायचं ठरवलं. लेकीने तीन दिवस अबोला धरला. घरात सहा वर्षांचं मूल आहे, एवढंच तिचं म्हणणं. शेवटी जावई मला म्हणाले, “अम्मी, तुम्हीच चला माझ्याबरोबर. डोळ्यांनी बघा, मग हिला सांगा.”

टेक्सासात 2021 पासून 21 वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. मग कशाला हा खटाटोप? “शिकल्याशिवाय हात लावणार नाही,” असं ते म्हणाले. ते मला पटलं.

शिकवणाऱ्याने मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं. मला वाटलं होतं, नेम धरायला शिकवतील. पण बराच वेळ गेला तो कायद्यात: गोळी कधी झाडता येते आणि त्याहून जास्त, कधी झाडता येत नाही. भांडण न वाढवता कसं मिटवायचं, हाही तिथे अभ्यासक्रमाचाच भाग आहे. रस्त्यात कुणी गाडी आडवी घातली तर पिस्तूलवाल्याने इतरांपेक्षा जास्त गिळायला शिकलं पाहिजे, असं तो म्हणाला. मग मुलांचा विषय निघाला. भरलेलं पिस्तूल 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं निष्काळजीपणे ठेवणं हा तिथे गुन्हा आहे. वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा आमचा नातू स्टुलावर चढून काढतो, ते मला आठवलं.

लेखी परीक्षेनंतर गोळीबार. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून 50 गोळ्या, 250 गुण, उत्तीर्ण व्हायला 175. काचेमागेही प्रत्येक आवाजाला मी दचकत होते. जावई चांगल्या गुणांनी पास झाले. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, सत्तर टक्क्यांना आम्ही शाबासकी देत असू. इथे मात्र उरलेले तीस टक्के डोक्यातून जाईनात. चार ते सहा तासांचा वर्ग आणि नूतनीकरणाला पुन्हा शिकायची सक्ती नाही, हे मला फारच थोडं वाटलं.

माझ्या वडिलांकडे कोकणात रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि अम्मी तेवढे दिवस निर्धास्त झोपायची. वर्ग काय असतो हे तिला ठाऊक नव्हतं, भीती मात्र हीच होती.

येताना गाडीत जावयांनी विचारलं, “अम्मी, काय सांगणार?” मी त्यांना मदरशात शिकलेली हदीस सांगितली. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोकं हाताने धरावीत, कुणाला लागू नये म्हणून. ते बराच वेळ गप्प होते. “टोक धरायचं म्हणजे पेटी आधी,” ते म्हणाले.

तशी पोलादी पेटी आली. किल्ली लेकीकडे, गोळ्या वेगळ्या कुलपात, ही तिची अट. तिकडे मशिदीच्या कमिटीत वेगळाच वाद चालू होता. शस्त्र आत नको असेल, तर दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंच अक्षरांत ठरावीक मजकुराची पाटी लावावी लागते. लावायची की नाही, यावर तीन बैठका झाल्या. मी निघेपर्यंत निर्णय झाला नव्हता.

निघायच्या आदल्या रात्री नातवाने विचारलं, “नानी, त्या पेटीत काय आहे?” मी लेकीकडे पाहिलं. तिने त्याला मांडीवर घेतलं आणि खरं तेच सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, “मग किल्ली हरवली तर?”

त्या रात्री लेक दोनदा उठून किल्ली बघून आली. मीही जागीच होते.