मामाच्या नावापुढचा हुद्दा

हिंगोली,
फेब्रुवारीचा पहिला आठवडा

चि. बाळूस,


तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला बायोडाटा मिळाला. धाकट्या सुनेनं मोठा करून दाखवला, मग चष्मा लावून मी पुन्हा वाचला. तू विचारलंस एवढंच, की 'व्यवसाय' या रकान्यात 'शेती' लिहू की 'कृषी उद्योजक'. उत्तर एका शब्दाचं आहे, फोनवर देता आलं असतं. पण फोनवर तू 'हो मामा, हो मामा' करून मोकळा होतोस आणि मला जे म्हणायचंय ते तेवढ्यात उरकणारं नाही. म्हणून कागद घेतला.

आधी भांडणाचं काढतो. खाली मामाकुळात माझं नाव आहे आणि त्याच्यापुढे 'निवृत्त अधिकारी, एस.टी. महामंडळ'. मी अधिकारी कधी झालो रे? जन्मभर खाकी घालून तिकिटं फाडली, बढती मिळाली ती निवृत्त झाल्यावर, भाच्याच्या हातून! उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याबरोबर वसमतच्या फेरीला यायचास, तेव्हा तिकिटाचा चिमटा हातातून सोडत नव्हतास. औंढ्याच्या स्टँडवर उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना 'सावकाश, सावकाश' म्हणायचास. तेव्हा मामा कंडक्टर असल्याची तुला केवढी मिजास होती! मला राग आला असं नाही. तुझी मामी तर हसत सुटली. पण रात्री पडल्या पडल्या वाटलं, ज्याला मामाचा हुद्दा झाकावासा वाटतो, तो स्वतःचं काय काय झाकत असेल?

आणि 'लिगो प्रकल्पाजवळ 4 एकर' हे कुणाच्या डोक्यातून आलं? तुझ्या आईच्या नक्कीच नाही, तुझ्या त्या मोटारसायकलवाल्या मित्राच्या असेल. दुधाळ्याला काय होतंय ते मी पेपरात वाचलंय. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात टाकणार आणि कुठे अंतराळात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर त्यानं त्या भुजांच्या लांबीत पडणारा फरक मोजणार. तो फरक प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही बारीक! केंद्रानं 2023 च्या एप्रिलात 2,600 कोटी मंजूर केले त्याला. आपल्या औंढ्याजवळ असलं काही उभं राहणार याचा मला अभिमानच आहे. पण बाबा, त्याचा तुझ्या सोयरिकीशी काय संबंध? ते यंत्र तुझ्या विहिरीला पाणी पाजणार आहे का?

आता तुझा प्रश्न. 'मुलगा काय करतो?' असं लोक आधी का विचारतात, कधी विचार केलायस? त्याचं उत्तर मिळालं की पुढचं काही विचारावं लागत नाही. मुलगा तापट आहे का, आईशी कसा बोलतो, उसने घेतलेले परत करतो का, हे कळायला चार घरं फिरावं लागतं. त्यापेक्षा 'तलाठी' एवढं कानावर आलं की चहा पिऊन उठता येतं. म्हणजे लोक तुला कमी मोजतात असं नाहीच. तुला ओळखण्याचे कष्ट त्यांना नकोत, इतकंच. आणि त्यांच्या या आळसाला तू स्वतःची किंमत समजून बसलास.

बरं, पैशानंच मोजायचं म्हणतोस, तर 2023 आठव. तू हळद मे महिन्यात घातलीस, भाव पडलेले होते. बीटातून परत येताना इकडे थांबलास आणि न जेवता गेलास. तुमच्या शेजारच्या तात्यांनी ऑगस्टपर्यंत धरली आणि तोवर भाव दुपटीच्या वर गेले. रान तेच, पाणी तेच, दोघांनी शिजवली एकाच बॉयलरवर. पुढच्या लग्नसराईत तात्यांना मांडवात पुढच्या सोफ्यावर बसवलं, तू मागे पंगतीत वाढत होतास. त्या तीन महिन्यांत तात्या दुप्पट शहाणे झाले होते का? मोंढ्यातल्या पाटीवरचा आकडा सकाळ-संध्याकाळ बदलतो रे. त्याला बांधून घेतलास, तर तूही सकाळी माणूस आणि संध्याकाळी कुणी नाही.

गंमत बघ. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, नावलौकिक झाला. कुठकुठल्या नवरा-नवरीच्या अंगाला ती लागत असेल. आणि ती पिकवणाऱ्या पोराला मात्र हळद लागत नाही! 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात पोरं बाशिंगं बांधून, घोड्यांवर बसून 'बायको द्या' म्हणत कलेक्टर कचेरीवर गेली होती. तू तो व्हिडिओ मला पाठवलास आणि खाली हसणारी तोंडं टाकलीस. मला हसू आलं नाही.

आणि आता जरा कान धरतो. धाकटीच्या वेळी काय झालं होतं? त्या सेनगावकडच्या मुलाला नको म्हणणारा कोण होता? पोरगा निर्व्यसनी, घरी दोन म्हशी, विहिरीला बारमाही पाणी. तुझ्या आईला पसंत होता. तूच म्हणालास, 'शेतकऱ्याच्या घरात माझी बहीण शेण काढायला द्यायची नाही.' मग नोकरीवाला शोधला, त्याच्या 'मानपाना'साठी वरचा तुकडा गेला, आणि धाकटी आज काय करते ते आपण दोघंही जाणतो, लिहायला नको. हुंडा बंद करणारा कायदा 1961 चा आहे, माझ्या लग्नाच्याही आधीचा. तरी नोकरी बघून दर ठरतो. तलाठ्याचा वेगळा, मास्तरचा वेगळा, पोलिसाचा वेगळा. तेव्हा तू ज्या काट्यावर त्या मुलाला ठेवलंस, त्याच काट्यावर आज तुला ठेवलंय. हे मी खिजवायला लिहीत नाही. काटा खोटा आहे हे तुला आता तरी कळावं म्हणून लिहितो.

कारण त्या काट्यावर पहिल्यांदा कोण चढलं? मुलगीच. ती खर्चाची म्हणून जन्माआधीच नको झाली. 2011 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली भरल्या 894. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा 1994 सालीच झाला होता, तरी ही गत. ज्यांनी मुलीला पैशात मोजलं, त्यांच्याच पोरांना आज कुणी मुलगी देईना, आणि जे देतात ते पोराला पैशात मोजतात. फिरून सगळं एकाच ठिकाणी येतं, बाळू. आपण मात्र प्रत्येक वेळी नव्यानं घडल्यासारखा नशिबाला दोष देतो.

तुला किती वेळा नर्सीला नेलं असेल मी. कयाधूच्या काठावर बसून तू चुरमुरे खायचास. त्या गावात जन्मलेल्या शिंप्याच्या पोराची, नामदेवांची, 61 पदं शिखांच्या गुरुग्रंथात आहेत. 2015 साली साहित्य संमेलन थेट पंजाबात घुमानला भरलं, ते त्यांच्याच पायी. आणि त्यांच्याबरोबरचे कोण? गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार. एकानंही नावापुढचा धंदा झाकला नाही. सावतोबा तर मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे अरणला आला, असं सांगतात. ती नावं जातीची होती, हेही मला कळतं. त्याच उतरंडीपायी चोखोबांना देवळाबाहेर राहावं लागलं आणि आपल्या औंढ्यात नामदेवांना कीर्तन करताना मागच्या बाजूला जायला सांगितलं. मग देऊळच फिरलं, म्हणतात. देऊळ फिरलं की नाही यावर मी वाद घालणार नाही. पण मागे बसवलेला माणूस मागे बसून स्वतःचं नाव बदलत राहिला नाही, तो गात राहिला, हे मला पटतं.

पैसा नको, असं मी म्हणतोय असं समजू नकोस. पगाराच्या तारखेकडे डोळे लावून मीही संसार केला. मुलीच्या बापानं पाणी किती, कर्ज किती, घरात कोण कोण, सगळं खोदून विचारावं. लेक द्यायची तर विचारायलाच हवं, त्यात तुझा अपमान कसला? उलट बायोडाट्यात तू पीककर्जाचं लिहिलंच नाहीस, ते लिही. 'उद्योजक' सांगून आणलेली बायको पहिल्याच उन्हाळ्यात हळद शिजवताना तुला बघेल तेव्हा काय सांगशील? जन्मभर तिच्यासमोर दुसराच कुणीतरी होऊन राहणार आहेस का?

आता खरं ते लिहितो, जे इतका वेळ टाळलं. तू पुण्याहून परत आलास त्याला बरेच दिवस झाले. पोलीस भरतीतही थोडक्या मार्कांनी राहिलास. त्याबद्दल मी कधी बोललो नाही, कारण तूही बोलला नाहीस. पण त्या दिवशी कळमनुरीच्या लग्नात तू म्हणालास, 'मामा, मी कुणात धरला जात नाही.' हसून म्हणालास, म्हणून मीही हसलो. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. तुझी आई म्हणते, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तुझ्या खोलीत उजेड असतो. जेवण अर्धं. फोन वाजला तरी बघून ठेवून देतोस. गावातली सगळी पोरं अशीच आहेत, म्हणून ती स्वतःची समजूत घालते. मला ते पटत नाही.

म्हणून तीन गोष्टी कर. रोज संध्याकाळी मला फोन कर, बोलायला काही नसलं तरी कर. मंगळवारी इकडे हिंगोलीला ये आणि माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. झोप लागत नाही हे सांगण्यात लाज कसली, गुडघा दुखला तर जातोसच ना? आणि फवारणीचं औषध घरात ठेवू नकोस. तात्यांच्या कोठ्यात ठेव आणि कुलपाची किल्ली त्यांच्याकडेच राहू दे. का, ते मला विचारू नकोस. मी त्यांना सांगून ठेवलंय.

मुलगी मिळेल, कदाचित उशिरा मिळेल, कदाचित नाहीही मिळणार. मला त्याची काळजी तितकी नाही. तू मात्र मला पाहिजेस.

'शेती' असंच लिही. आणि माझ्या नावापुढे 'कंडक्टर'.

तुझा,
मामा

ता. क. हळदीचा पाला कापून झाला का? काढणीला माणसं मिळत नसतील तर सांग, मी आणि मामी दोघं येतो. मामीला वाकता येत नाही, पण ती स्वयंपाक बघेल आणि तुझ्या आईशी बोलत बसेल, तेही गरजेचं आहे.