शिलाँगचा झीलकरी

पोवाडा ऐकलाय ना तुम्ही? डफावर थाप पडते, शाहीर ओळ टिपेला नेतो आणि मागे उभे असलेले दोघे-तिघे ‘जी जी रं जी’ करून ती ओळ उचलून धरतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढच्या ओळीला हात घालतो. या मागच्या मंडळींना म्हणतात झीलकरी. टाळ्या पडतात त्या शाहिराला. पण झीलकरी नसतील तर शाहिराचा दम दोन कडव्यांतच संपायचा!

गिटार आणि ड्रम घेऊन गायच्या रॉक गाण्यांतही असे झीलकरी असतात. तिकडे त्यांच्या गाण्याला ‘बॅकिंग व्होकल्स’ म्हणतात. 2023 च्या जून महिन्यात मला असा झीलकरी व्हायची संधी मिळाली. आणि कुठे म्हणाल? थेट मेघालयात, शिलाँगला!

त्याचं असं झालं. पुण्यात शिकत असताना वसतिगृहातल्या माझ्या खोलीत शिलाँगचा एक खासी मुलगा होता. गणपतीच्या आरतीला तो हौसेने उभा राहायचा. शब्द आमचेच म्हणायचा, पण सूर भलताच! आम्ही ‘सा’वर असलो की हा ‘ग’वर. मुलं माना वळवून बघायची. गंमत म्हणजे ते बेसूर मुळीच वाटायचं नाही. उलट आरती एकदम भरल्यासारखी वाटायची. “आमच्याकडे असंच गातात रे,” एवढंच तो म्हणायचा.

आता तो शिलाँगच्या एका शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी मित्रांबरोबर गाणी बसवतो. त्याने स्वतःचा अल्बम करायला घेतला होता. कुठली कंपनी नाही, कुणाचे पैसे नाहीत; पगारातून साठवलेल्या पैशांत सगळं घरीच करायचं. त्याने फोन केला, “आरतीचं कर्ज फेडायला ये!” आणि मी निघालो.

गुवाहाटीहून शिलाँग सुमारे शंभर किलोमीटर. सुमो गाडीत दहा जण दाटीवाटीने बसलो. रस्ता चढू लागला तशी हवा गार झाली, पाईनची झाडं दिसू लागली. शिलाँगच्या अलीकडे उमियमचं मोठं धरण लागतं. त्याच्या पाण्यावर ढग अगदी टेकले होते. शिलाँगची उंची सुमारे पंधराशे मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही थोडी जास्तच.

गाडीतल्या गप्पांमधलं एक अक्षर मला कळेना. खासी भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. पण तिचं एक दूरचं नातेवाईक आपल्या महाराष्ट्रातच आहे, बरं का! मेळघाटात बोलली जाणारी कोरकू भाषा आणि खासी एकाच मोठ्या भाषाकुळातल्या आहेत.

मित्राच्या घरी पोचल्यावर आधी क्वाई मिळाली. क्वाई म्हणजे ओली सुपारी, पान आणि चुना. पाहुणा आला की ती द्यायचीच. मग त्याची आई, बहीण आणि शेजारच्या चहावाल्या बाई भेटल्या. बाईंना सगळे ‘काँग’ म्हणत होते. काँग म्हणजे आपली ताई. मीही काँगच म्हणू लागलो. खासी लोकांत मुलांना आईच्या कुळाचं नाव लागतं आणि घर सहसा धाकट्या मुलीकडे जातं. इथे धाकटी होती मित्राची बहीण. पण ती पुढच्या आठवड्यात परिचारिकेच्या नोकरीसाठी बंगळुरूला निघाली होती. अल्बममधलं शेवटचं गाणं तिच्यासाठीच होतं. ती जाण्याआधी ते तिच्या हाती द्यायचं, असा मित्राचा हट्ट. आणि माझी परतीची गाडी तिसऱ्या दिवशी सकाळी सातची!

शिलाँगमध्ये रॉक गाण्याचं वेड फार जुनं. लू माजॉ नावाचे तिथले गायक 1972 पासून दरवर्षी 24 मे रोजी बॉब डिलन या अमेरिकी गायकाचा वाढदिवस गाणी गाऊन साजरा करत आले. पुढे 2016 साली याच डिलनना साहित्याचं नोबेल मिळालं! आणि 2010 साली टीव्हीच्या पडद्यावर ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकणारा वृंदही इथलाच, शिलाँग चेंबर क्वायर.

वेगवेगळ्या सुरांत एकत्र गाण्याची ही रीत इथे कशी रुजली? 1841 साली थॉमस जोन्स नावाचे मिशनरी ब्रिटनमधल्या वेल्सहून सोहरा इथे आले. सोहरा म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं चेरापुंजी. त्यांनी खासी भाषा रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली. वेल्सचे लोक समूहगानासाठी प्रसिद्ध. त्यांच्या मागोमाग ते गाणंही आलं. खासींची स्वतःची गाणी नि ढोल तर आधीपासून होतेच. चर्चमध्ये लहानपणापासून कुणी वरचा सूर धरतं, कुणी मधला, कुणी खालचा. काँग कित्येक वर्षं खालचा सूर धरत आल्या होत्या.

तुमच्याकडे पेटी असेल तर सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाबून बघा. तीन सूर मिळून एक भरीव नाद होतो ना? तेच आम्हाला गळ्यांनी करायचं होतं. वरचा सूर बहिणीचा, मधला माझा, खालचा काँगचा. शब्द एकच, ‘खुब्लेई’. खासीत आभारालाही खुब्लेई, भेटताना खुब्लेई आणि निरोप घेतानाही खुब्लेईच.

एक शब्द, त्यात काय अवघड? पण ‘ले’वरून ‘ई’वर जाताना तिघांचे तीन ‘ई’ वेगवेगळ्या वेळी येत होते. ध्वनिमुद्रणात ते लगेच उघडं पडतं. मग ठरलं, ‘ले’ धरून ठेवायचा आणि काँगनी बोट खाली केलं की ‘ई’. श्वासही एकत्र घ्यायचा. हेडफोन एकाच कानावर, दुसरा कान शेजाऱ्यासाठी मोकळा. “स्वतःचाच आवाज ऐकू आला तर तू मोठ्याने गातोयस,” काँग म्हणाल्या. “माझा ऐकू येईल इतकंच गा.”

एवढं जमलं आणि बाहेर पाऊस कोसळू लागला. वर पत्र्याचं छप्पर! 12 जून 1897 रोजी इथे प्रचंड भूकंप झाला होता. शिलाँगच्या दगडी इमारती त्यात कोसळल्या. तेव्हापासून लाकडी सांगाडा, बोरूच्या भिंती आणि वर पत्रा अशी हलकी घरं बांधायची पद्धत रुळली. भूकंपाला ही घरं चांगली. पण पाऊस पडला की पत्रा ड्रमच्याही वर वाजतो. भिंतींना गाद्या नि रजया लावल्या होत्या, पण छपराला काय लावणार?

पहिली रात्र अशीच गेली. दुसऱ्या रात्रीही दोन वाजेपर्यंत आम्ही लाल चहा पीत बसलो. बहिणीची बॅग कोपऱ्यात अर्धी भरलेली होती. कुणी फारसं बोलत नव्हतं. अडीचच्या सुमाराला एकदम शांत झालं. “उठा!” मित्र कुजबुजला.

तिघांनी तीच ओळ तीनदा गायची होती, म्हणजे ऐकताना नऊ जण गातायत असं वाटतं. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसरीच्या शेवटी बहिणीचा आवाज किंचित थरथरला. मित्राने मान हलवली, राहू दे. काँगचं बोट खाली आलं, आम्ही ‘ई’ म्हटलं आणि पाचच मिनिटांत पत्र्यावर पुन्हा थेंब पडू लागले!

मग मित्राने संगणकावर गाणं लावलं. मी आपला आवाज शोधू लागलो, तो काही केल्या सापडेना. “थांब,” म्हणून त्याने आमचे तिघांचे आवाज बंद केले. गिटार तीच, ड्रम तेच, गाणारा तोच. पण तंबोरा थांबल्यावर बैठक जशी एकाएकी रिकामी वाटते ना, तसंच झालं. त्याने बटण दाबलं, आम्ही परत आलो आणि गाणं पुन्हा उभं राहिलं.

बहीण ते गाणं घेऊनच बंगळुरूला गेली. अल्बमवर आमची तिघांची नावं बारीक अक्षरांत आहेत, काँगचं सगळ्यात आधी. तुमचं आवडतं गाणं आज पुन्हा लावा, मुलांनो. मुख्य गायकाला जरा बाजूला ठेवा आणि मागे कोण गातंय ते ऐका. घरातल्या तिघांना जमवून ‘सा-ग-प’ करून बघायलाही हरकत नाही. फक्त काँगचा नियम विसरू नका, आणि पावसाळ्यात छपराकडे लक्ष असू द्या!