मोरी तुंबते तेव्हा

मैत्रिणींनो, ऐन चकल्यांच्या दिवशी तुमचं सिंक कधी तुंबलंय का? आमचं तुंबलं!

जुहूची आमची इमारत जुनी. सगळ्या मजल्यांच्या सिंकांना मिळून एकच उभा पाइप. त्यातून समुद्र शेजारी. मोठी भरती आणि धो धो पाऊस एकदम आले, की इर्ला नाल्याचं पाणी समुद्रात उतरायला मागत नाही. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. त्यामुळे पाणी साचलं, की नाल्याकडे बोट दाखवायची आम्हांला सवयच. पण त्या दिवशी ना पाऊस होता, ना भरती. होतं ते माझ्याच कढईतलं तेल आणि भाजणीचा लगदा.

संध्याकाळी पाहुणे यायचे होते. घाईघाईने मी फरशी धुवायच्या ॲसिडची अर्धी बाटली सिंकमध्ये रिकामी केली. पाणी हललं नाही ते नाहीच. सकाळी सफाईवाले मामा आले. त्यांनी ओट्याखालच्या ट्रॅपची वाटी फिरवली, आत बोटं घातली आणि ‘आई गं’ करून हात मागे ओढला.

“ताई, काय टाकलंय यात?”

सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणाले. खरं म्हणजे मला लाज वाटली होती, म्हणून गप्प बसले होते. त्यांचा हात वीस मिनिटं नळाखाली धरला, मग दवाखान्यात नेलं. आठ दिवस उजवा हात बांधलेला. खाडे मी भरून दिले म्हणा, पण तेवढ्याने काय होतंय!

मी शाळेत शिकवते, पण माझा विषय मराठी. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “अगं, तेलातुपावर ॲसिड चालतच नाही. ते नुसतं ट्रॅपमध्ये साचून राहतं.” चरबीचा साबण करतो तो कॉस्टिक सोडा, पण तोही पाण्यात पडला की तापतो, उसळतो, डोळ्यांत उडाला तर दृष्टीवर बेततं. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर तर चुकूनही टाकू नका, क्लोरीनचा विषारी वायू होतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर? फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात!

आता मी तेलकट कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसते, मगच घासते. भाताची शितं जाळीत अडवते. तरी तुंबलंच, तर चार बोटं पाणी ठेवून रबरी पंप मारते. सिंकला वर दुसरं भोक असेल तर त्यात ओलं फडकं कोंबा, नाहीतर सगळा जोर तिथूनच निघून जातो. तेवढ्याने भागलं नाही, तर खाली बादली ठेवून ट्रॅपची वाटी काढायची. तिच्यात थोडं पाणी नेहमी असायलाच हवं बरं का, त्यानेच वास आणि झुरळं अडतात. महिनाभर गावाला जाऊन आलात आणि घरात दुर्गंधी असली, तर ते पाणी आटलेलं असतं. तांब्याभर ओता.

मामा अजून येतात. वाटीला हात लावण्याआधी विचारतात, “ताई, आज काही टाकलंय का?”

“नाही हो मामा,” म्हणत मी रबरी हातमोजे पुढे करते.