समासातली चित्रं

‘‘बाई, चित्रांची पानं फाडलीत ते बरंच केलंत. पण त्याच पानांच्या मागे धडा होता हो.’’

सातवीतल्या त्या मुलाची आई शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहून हे बोलली, तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. मीही चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. ती चार घरी पोळ्या करते. दोन कामांच्या मधल्या वेळात धावत आली होती, मनगटाला पीठ तसंच होतं. ‘‘नवी वही आणते पगार झाला की,’’ म्हणाली आणि गेली.

मी अर्धवेळ शिक्षिका. सकाळचा स्वयंपाक, सासूबाईंचं पथ्याचं, चिरंजिवांचा डबा, सगळं उरकून दुपारी तीन तास इतिहास शिकवायला जाते. पोर्शन पुरा करायचा म्हणजे नुसती धावपळ! आणि हा मुलगा वहीच्या समासात तोंडं काढत बसायचा. टोपीवाली तोंडं, मिशीवाली तोंडं, दात विचकलेली तोंडं. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा बाकावर उभा केला, चौथ्यांदा पानं फाडली. त्या दिवशी घरी आले ती डोकं दुखतं म्हणून पडूनच राहिले.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत नणंदेचा मुलगा पुण्याहून आला. आमचे चिरंजीव आणि तो दिवसभर ह्यांच्या मोबाइलला चिकटलेले. मी फराळाचं करता करता ओरडले, ‘‘अरे, ठेवा तो आता! नुसतं मारामारी आणि गोळीबार!’’ तर भाचा म्हणतो कसा, ‘‘मामी, ह्या खेळात गोळीबार नाहीच. आणि हा मुळात बायकांसाठी केलाय.’’

मी चकलीचा सोऱ्या खाली ठेवला. म्हटलं, बघू तरी.

काळ्या पडद्यावर निळ्या गल्ल्या. गल्लीगल्लीतून पसरलेले ठिपके. एक पिवळं गोल तोंड ते ठिपके मटामटा खात सुटलंय आणि चार रंगीत भुतं त्याच्या मागे लागली आहेत. नाव पॅकमॅन. मी खेळले. खरं सांगते, तिन्ही वेळा पहिल्या मिनिटातच भुतानं गाठलं. चकल्या राहिल्या बाजूलाच! रात्री सगळी निजल्यावर पुन्हा घेतला, आणि मग हा खेळ केला तरी कुणी, म्हणून वाचत बसले.

त्या माणसाचं नाव तोरू इवातानी. जन्म १९५५ सालचा, टोकियोचा. १९७७ साली ते नामको नावाच्या कंपनीत नोकरीला लागले. ही कंपनीसुद्धा १९५५ सालीच निघालेली. योकोहामाच्या एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर मुलांना झुलायचे दोन यांत्रिक घोडे बसवले, हे तिचं सुरुवातीचं भांडवल. इवातानींना खरं तर गोळी उडवायची पिनबॉलची यंत्रं करायची होती. पण कंपनी तसली यंत्रं करत नव्हती. मग त्यांनी मधला मार्ग काढला आणि १९७८ साली पिनबॉलसारखाच एक खेळ पडद्यावर आणला. त्याचं नाव ‘जी बी’.

त्याच वर्षी जपानात ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला होता. परग्रहावरच्या शत्रूंना खालून गोळ्या घालायच्या. त्यानं नुसतं वेड लावलं. नाणं टाकून खेळायची यंत्रं जिथं ठेवलेली असत, त्या जागा पुरुषांनी आणि पोरांनी भरून गेल्या. बायका काही तिकडं फिरकत नसत. हे इवातानींच्या डोळ्यांत भरलं. बायकांना, जोडप्यांना आत यावंसं वाटेल असं काही करता येईल का? मग बायकांना काय आवडतं ह्याचा विचार करता करता त्यांना सुचलं ते ‘खाणं’!

वाचून आधी रागच आला. म्हणे बायकांना खाणं आवडतं! अहो, आम्ही खातो कधी? सगळ्यांना वाढून उरलं तर! पण मग तो खेळ डोळ्यांपुढे आणला आणि एकटीच हसले. चारी बाजूंनी चार भुतं मागे लागली आहेत आणि त्यातनं पळता पळता बाई घास घेते आहे. कुकरची शिट्टी, दाराची घंटा, सासूबाईंची हाक आणि चिरंजिवांचं ‘आई, माझी पट्टी कुठाय?’ हे तर आमचंच रोजचं जेवण की हो!

त्या पिवळ्या तोंडाची कल्पना इवातानींना पिझ्झ्यावरून सुचली असं ते सांगत. एक तुकडा उचलला आणि उरलेल्या पिझ्झ्याचं उघडं तोंड दिसलं. आपल्याकडे असते तर चतकोर मोडलेल्या भाकरीत दिसलं असतं. तोंड ह्या अर्थाचं जपानी अक्षर चौकोनी असतं, ते गोल केलं, असंही ते म्हणत. मचमच खाण्याला जपानीत ‘पाकु पाकु’ म्हणतात, त्यावरून नाव पडलं पकमॅन. पुढे अमेरिकेत नेताना पॅकमॅन केलं. कारण इंग्रजी नावातल्या पहिल्या अक्षराचं पोट कुणी व्रात्य पोरानं खरवडलं, की भलताच शब्द व्हायचा!

चार कोपऱ्यांतले चार मोठे ठिपके खाल्ले, की थोडा वेळ बाजू उलटते. मग भुतंच पळतात आणि आपण त्यांच्या मागे. हे सुचलं पालक खाऊन अंगात बळ येणाऱ्या पॉपायवरून. हाताशी थोडी माणसं घेऊन इवातानींनी दीडेक वर्ष खपून हा खेळ केला. मे १९८० मध्ये टोकियोच्या शिबुया भागात तो पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. आणि बायका खरंच खेळायला आल्या! १९८१ ते १९८७ ह्या काळात ह्या खेळाची २,९३,८२२ यंत्रं बसवली गेली, अशी गिनीजच्या पुस्तकात नोंद आहे. इवातानींना मात्र वेगळं बक्षीस काही मिळालं नाही. पडद्यावर नावसुद्धा नाही. नोकरीतलं एक काम, ते केलं, बस्स. घरातलं काम करणाऱ्या बाईला हे निराळं समजावून सांगायला नको.

हे सगळं मी गंमत म्हणून वाचत होते. पण दोन गोष्टींनी मला झोप येऊ दिली नाही.

एक भुतांची. चारही भुतं सारखीच वागली असती, तर एका रांगेत मागे धावली असती आणि खेळात काही राम उरला नसता. म्हणून इवातानींनी प्रत्येकाला स्वभाव दिला. तांबडं थेट पाठलाग करतं, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवतं, निळ्याचा काही नेम नसतो, नारिंगी जवळ येतं आणि मध्येच आपल्या वाटेनं निघून जातं. शिवाय मधूनमधून चौघंही पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यात जातात. कारण सारखंच कुणी मागे लागलं तर खेळणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येईल, त्याला उसंत हवी, असा त्यांचा विचार. मी अंथरुणात उठून बसले. मी त्या मुलाला एक तास तरी उसंत दिली होती का?

दुसरी गोष्ट साधीच. शाळेत असताना इवातानींची पुस्तकं चित्रांनी भरलेली असत. आपल्या खेळांतल्या आकृत्या त्या गिरगोट्यांतूनच आल्या, असं त्यांनीच सांगितलं आहे. खेळ करायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि पुढे काय झालं बघा! २००५ पासून ते ओसाकाच्या कला विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक म्हणून शिकवू लागले. म्हणजे आमच्यासारखेच तासावरचे! २००७ साली कंपनी सोडून ते टोकियो पॉलिटेक्निक विद्यापीठात पूर्णवेळ प्राध्यापक झाले. २०१२ साली तर न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं पॅकमॅन आपल्या संग्रहात घेतला.

आता प्रत्येक समासातून एक इवातानी निघतो असं मी मुळीच म्हणत नाही. धडा लिहून घ्यायलाच हवा. परीक्षेत समासाला गुण नसतात. पण पान फाडायचा हक्क मला कुणी दिला होता?

सुट्टी संपल्यावर दोनशे पानी वही घेतली. फाडलेला धडा रात्री बसून माझ्या हातानं त्यात उतरवून काढला. त्याला मधल्या सुट्टीत बोलावून वही दिली. म्हटलं, ‘‘माझं चुकलं. मागची दहा पानं तुझी. तिथं काय करायचं ते कर. मी बघणार नाही.’’ तो काही बोलला नाही. वही घेतली आणि गेला.

मैत्रिणींनो, गोष्टीत असतं तसं इथं लगेच काही झालं नाही. महिनाभर त्याच्या वह्या तपासल्या. समास कोरा, मागची पानंही कोरी. अक्षर सुरेख, धडा पूर्ण. आधी ज्यासाठी मी एवढी चिडत होते, ते सगळं मिळालं होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

गेल्या आठवड्यात वह्यांचा गठ्ठा घरी आणला. भाजी शिजत होती, सासूबाईंची दुसरी हाक झाली होती. त्याची वही उघडली, तर पुरंदरच्या तहाच्या बाजूला, समासाच्या अगदी तळाशी, मुगाच्या दाण्याएवढं एक तोंड. चष्मा लावलेलं. अंबाडा थोडा सुटलेला.

ते चित्र पाहून काय वाटलं ते लिहिता येत नाही. धड्याखाली लाल शाईनं बरोबरची खूण केली आणि काही न दिसल्यासारखं पान उलटलं.