नकाशावरची बोट अन् आपल्या रस्त्यावरचं टिप्पर

मंडळी, नांदगाव खंडेश्वरहून मुंबईचा समुद्र रस्त्यानं सहाशे किलोमीटरच्या वर. तरी मोबाईलवर जहाजांचा नकाशा उघडला की कोणती मासेमारी बोट कुठं चालली, हे इथं बसून दिसते. दोस्त म्हणतात, "भाऊ, सोयाबीनचा भाव पाहाचा सोडून तुले बोटीचं काय करा लागते?" सांगतो.

बोटीवर 'एआयएस' नावाचं यंत्र असते. नऊ आकडी ओळख क्रमांक (भारताचा ४१९ पासून सुरू होतो), नाव, लांबी-रुंदी, जागा, वेग, दिशा हे सगळं ते रेडिओवरून सांगत राहते. २० मीटरहून लांब मासेमारी बोटींना ते सक्तीचं झालं २६/११ नंतर. नोव्हेंबर २००८ मध्ये अतिरेक्यांनी पोरबंदरची 'कुबेर' बोट भर समुद्रात पळवली, तिच्यावरचे खलाशी मारले अन् त्याच बोटीनं मुंबईजवळ आले. भारतीय बोट, नेहमीसारखी दिसणारी. संशय येणार कोणाला?

पण नकाशावर तेवढंच दिसते, जेवढं बोट स्वतः सांगते. बटण बंद, की बोट गायब. आपल्याकडं रेतीच्या गाड्यांनाही जीपीएस सक्तीचं आहे. रात्री टिप्परच्या आवाजानं ज्यांची झोप मोडते, त्यांना त्याचं कौतुक सांगून पाहा!

मग बटण चालू कोण ठेवील? ज्याचा त्यात जीव गुंतला आहे तो. २०१७ च्या ओखी वादळात खोल समुद्रातल्या कित्येक बोटींपर्यंत इशारा पोचलाच नाही. केरळ-तामिळनाडूच्या साठहून जास्त बोटी भरकटत आपल्या देवगडला लागल्या. आता इस्रोनं तयार केलेलं यंत्र मत्स्यसंपदा योजनेतून मोफत देणं सुरू आहे. त्यावरून संकटाचा निरोप किनाऱ्यावर जातो अन् वादळाचा इशारा बोटीवर येतो. असं यंत्र कोळी कशाला बंद करील?

दुसरी गोष्ट, पाहणारा माणूस. बधवार पार्कच्या किनाऱ्यावर त्या रात्री उतरलेल्या अनोळखी पोरांना "कोण तुम्ही?" असं विचारणारे तिथले कोळीच होते. यंत्र नव्हतं, नजर होती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. समुद्रातली बोट नांदगावात दिसू शकते, तर आपल्या गावातून जाणारी रेतीची गाडी कुठून निघाली, कुठं रिकामी झाली, हे ग्रामसभेलाही दिसलं पाहिजे. पटत असेल तर येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा.